दिवा शांत कर...

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली होती. रात्री झोपायच्या आधी तिने सहज विचारलं, "आजोबा, देवाजवळचा दिवा विझवू का?" मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "विझवू नाही म्हणायचं गं! शांत करू म्हण."

नात हसली. "पण आजी, विझायचा तो विझणारच ना?"

प्रश्न बरोबर होता. मला मात्र त्यावरून बरंच काही आठवत गेलं.

आपल्या घरात असे किती शब्द आहेत! नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं असं कोणी म्हणत नाही. लहानपणी रात्री सापाचं नाव काढायची चोरी होती, त्याला 'लांबडं' म्हणायचं. आणि घराबाहेर पडताना चुकून 'जातो' म्हटलं की आई डोळे वटारायची. "जातो काय? येतो म्हण!"

या शब्दांनी कुणी फसत नाही. दिवा गेला हे सगळ्यांना दिसतं. फक्त ऐकणाऱ्याच्या मनाला चटका बसू नये एवढीच त्यामागची काळजी. मराठी घेऊन बी.ए. झालो तेव्हा मला या सगळ्याचं फार कौतुक वाटायचं.

पुढे सत्तरच्या दशकात मोखाडा तालुक्यात मास्तर म्हणून आलो (तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला), आणि गोड शब्दांची दुसरी जात हळूहळू कळू लागली.

पहिला शब्द कळला तो 'लग्नगडी'. ऐकायला किती छान! वाटावं, वरातीत नाचणारा नवरदेवाचा सोबती असेल. अर्थ असा की, लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. ते बहुधा फिटायचेच नाहीत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं आहे. 1945 च्या वारल्यांच्या उठावात वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी मोडायच्या होत्या. गुलामीला लग्नाचं नाव देणाऱ्याची कल्पकता मानली पाहिजे!

दुसरी गंमत कायद्याची. 1963 साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी 'टंचाई' घातला. सरकारचं लक्ष असतं, वेळेवर मदत पोचते, तेव्हा दुष्काळ पडायला वावच नाही, असा युक्तिवाद. नऊ वर्षांनी 1972 चा दुष्काळ आला. त्याने काही तो कायदा वाचला नव्हता. पुढे 'दुष्काळसदृश' असा एक शब्द निघाला. 2016 च्या मे महिन्यात, उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर, सरकारला सांगावं लागलं की 'दुष्काळसदृश' आहे तिथे 'दुष्काळ' असं वाचावं. आमच्या मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट बघतात. कागदावर याला 'टंचाईग्रस्त' म्हणतात. बाजारातली साधी माणसं म्हणतात, "कोपराला गूळ लावलाय." मला विचाराल तर हेच मराठी जास्त खरं.

1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुलं मेली. वर्तमानपत्रांत आलं, 'बालके दगावली'. भूक हा शब्द टाळून 'कुपोषण' आलं. आता तर मुलं 'सॅम' आणि 'मॅम' असतात. आई मात्र एवढंच म्हणते, "पोर सुकत चाललंय." 'दगावली' या शब्दापाशी मी अजून अडतो. त्यात 'दगा' आहे. तो कुणी दिला, हे वाक्यात कुठेच येत नाही.

घरातला गोड शब्द दुःख झालेल्याला जपतो. कचेरीतला गोड शब्द जबाबदार असलेल्याला जपतो. नातीला समजावताना मला हा फरक सापडला. पण नुसतं कचेरीकडे बोट दाखवून मला सुटता येणार नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडची कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. सरकार त्याला 'हंगामी स्थलांतर' म्हणतं. ती माणसं म्हणतात, "जगायला चाललो." इतका उघडा शब्द मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेला नाही. म्हणजे इथे राहिलो तर काय, ते सांगायची गरजच नाही.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. अक्षर सुंदर. निघायच्या दिवशी तो शाळेच्या दारात येऊन म्हणाला, "येतो, गुरुजी." हे मीच शिकवलं होतं. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं.

जूनमध्ये शाळा उघडली. तो आला नाही, त्याची आई आली. तिने दप्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मेला, गुरुजी. भट्टीवर ताप आला." देवाज्ञा नाही, दगावला नाही. मेला.

मी त्या दिवशी हजेरीपटावर लिहिलं, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' खरं लिहिलं असतं तर चौकशी, खुलासे, वरून विचारणा. वाटलं, कशाला? शाई वाळायच्या आत मलाच लाज वाटली होती. पण मी ते खोडलं नाही. आज इतक्या वर्षांनी इथे लिहितोय.

नातीला हे सगळं सांगितलं नाही. ती लहान आहे. एवढंच म्हणालो, "दिवा शांत कर बाळा, आजीचं ऐक. पण कुणी माणूस गेला असेल आणि तुला कागदावर लिहायची वेळ आली, तर मात्र खरा शब्द लिही."

तिने दिवा शांत केला. मला बराच वेळ झोप आली नाही.