मिसरची वाट

भीतीची पहिली झळ बसते ती आठवणींना. जे दिवस आपण कसेबसे रेटले, तेच घाबरलेल्या मनाला सुखाचे वाटू लागतात आणि जिथून निर्धाराने बाहेर पडलो, तिथलेच दार पुन्हा ठोठावावेसे वाटते. बायबलमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात या अवस्थेचे फार बारकाईने केलेले चित्रण आहे. इ.स.पूर्व 586च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले आणि पुष्कळ लोकांना धरून नेले. मागे उरलेल्यांवर बाबेलने नेमलेला गदल्या जरा घडी बसवतो आहे, तोच इश्माएल नावाच्या राजवंशीयाने जेवणाच्या पंगतीतच त्याचा खून केला. आता बाबेल सूड घेणार, या धास्तीने लोक निघाले. बेथलेहेमजवळ मुक्काम पडल्यावर त्यांनी यिर्मयाला गळ घातली: देवाला विचार, उत्तर गोड असो की कडू, आम्ही ते पाळू. यिर्मया दहा दिवस थांबला. उत्तर आले की इथेच राहा, भिऊ नका. लोकांनी त्याला खोटा ठरवले आणि मिसर, म्हणजे इजिप्त, गाठले. खरे तर त्यांनी देवाला विचारले तेव्हाच त्यांचा मुक्काम मिसरच्या वाटेवर पडला होता. निर्णय भीतीने आधीच घेतला होता. देवाकडून हवी होती ती फक्त संमती.

आता त्यांनी मागे काय टाकले ते पाहू. गदल्याच्या सांगण्यावरून त्या हंगामात लोकांनी द्राक्षे आणि उन्हाळी फळे गोळा केली होती, आणि पीक भरघोस आले होते, असे तोच ग्रंथ नोंदवतो. गहू, जव, तेल आणि मध यांचे साठे शेतांत लपवून ठेवल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे देश उद्ध्वस्त होता, पण उपाशी नव्हता. मिसरमध्ये मात्र लढाई दिसणार नाही, रणशिंग ऐकू येणार नाही आणि भाकरीची ददात पडणार नाही, अशी त्यांची कल्पना होती. त्यांच्याच पूर्वजांनी जिथे गुलाम म्हणून विटा थापल्या, तो हा देश. त्यांचा लाडका राजा योशीया इ.स.पूर्व 609 मध्ये मगिद्दोला पडला, तोही मिसरच्याच फौजेशी लढताना. शिवाय बाबेलचा नबुखद्नेस्सर पुढे इ.स.पूर्व 568-567 मध्ये मिसरवर चालून गेला, याची साक्ष एका मातीच्या पाटीच्या तुकड्यावर आजही आहे. हातचे सोडून पळत्यापाठी धावणे म्हणतात ते हेच.

पण त्या लोकांना मूर्ख म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्यांची बाजू चव्वेचाळिसाव्या अध्यायात आली आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. मिसरमध्ये पोचल्यावर स्त्रियांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी यिर्मयाला तोंडावर सांगितले की आकाशराणी या देवीला धूप जाळत होतो, तेव्हा पोटभर भाकरी मिळत होती. ते सोडले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ पाठीशी लागले. हा हिशेब अगदीच हवेतला नव्हता. इ.स.पूर्व 622च्या सुमारास योशीयाने जुन्या पूजा बंद केल्या, तेरा वर्षांत तो मेला आणि पुढे पडझडच झाली. शिवाय ती पूजा घराघरांतली होती. मुले सरपण गोळा करीत, बाप जाळ पेटवीत, बायका कणीक मळून राणीसाठी पोळ्या भाजीत. जुन्या वाटेची ओढ इतकी चिवट असते ती यामुळेच. तिच्यात पाप क्वचितच जाणवते. जाणवते ती घराची ऊब.

तरीही हिशेब चुकलाच. ज्या काळाची त्यांना आठवण येत होती, त्यात मनश्शे राजाची दीर्घ कारकीर्द येते. तेव्हा देशात शांतता होती खरी, पण ती अश्शूरच्या साम्राज्याच्या जोखडाखालची. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या महालासाठी सामान पुरवणाऱ्या मांडलिकांच्या यादीत मनश्शेचेही नाव कोरलेले आहे. भाकरी मिळत होती ती राणीच्या कृपेने नव्हे, तर अश्शूरपुढे मान तुकवून. आणि अश्शूर कोसळल्यावर ते छत्र जाणारच होते, पोळ्या भाजल्या तरी आणि नाही भाजल्या तरी. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारण शोधणे हा भीतीचा नेहमीचा खेळ आहे. आपल्याकडे घरात आजारपण ठाण मांडते, कर्ज डोक्यावर बसते आणि बंद केलेले गंडेदोरे कपाटातून बाहेर येतात, ते याच हिशेबाने. 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूला आवरू शकतो. भोंदूच्या दारी जाणाऱ्याच्या पोटातला गोळा त्याला विरघळवता येत नाही.

विश्वास म्हणजे हातपाय गाळून बसणे, असा एक आक्षेप नेहमी येतो. यिर्मयाचेच वागणे त्याचे उत्तर आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी त्याने अनाथोथ गावचे शेत विकत घेतले. सतरा शेकेल चांदी ताजव्यात तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला लावल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. शत्रूच्या टाचेखालच्या जमिनीचे खरेदीखत जपून ठेवणे, याहून कृतिशील विश्वास कोणता? यिर्मयाचा हाच ग्रंथ, संपूर्ण बायबलसह, मूळ भाषांतून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंचेही तसेच. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना घेऊन त्या केडगावला राहिल्या. देवावर भार टाकला, आणि विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना घातला. त्यांचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये छापून बाहेर पडले, तेही त्याच छापखान्यातून.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. यिर्मयाला या विश्वासाने काय दिले? त्यालाही लोकांनी ओढत मिसरला नेले आणि तिथेच तो आपल्या नजरेआड होतो. हे मान्यच करायला हवे. पण भाकरी दिली तर देव, नाही तर दुसरा, हे माप लावले की परमेश्वरही आकाशराणीच्या रांगेत जाऊन बसतो. मग वाद फक्त दराचा उरतो. यिर्मयाचा देव सुखरूपतेची हमी विकत नव्हता. मी तुमच्याबरोबर आहे, एवढेच तो सांगत होता, आणि घाबरलेल्या माणसाला खरी गरज असते ती याचीच. जुने ते सगळे टाकाऊ, असेही यिर्मया म्हणत नाही. प्राचीन वाटांची विचारपूस करा, असे सांगणारा तोच आहे आणि पूर्वजांचा नेम न मोडणाऱ्या रेखाबी घराण्याचे कौतुक करणाराही तोच. जी जुनी वाट शांतपणे पारखूनही खरी वाटते, तिच्यावर खुशाल चालावे. जी धास्तीने रात्रीत गाठोडे बांधायला लावते, ती वाट मिसरची.

म्हणून आज ज्याच्या दाराशी अशी भीती उभी आहे, त्याला कळकळीची एकच विनंती. सोडलेल्या दाराकडे वळण्याआधी दहा दिवस थांबा. त्या दिवसांत मनापासून प्रार्थना करा, उत्तर नको ते आले तरी ऐकण्याची तयारी ठेवा, आणि तोवर शेतात उभे असलेले पीक घरात आणा.