जोधपूर : नव्या लाकडाला जुनेपण देणारं शहर

जोधपूरला जाणारे बहुतेक पर्यटक मेहरानगड पाहतात, घंटाघराजवळच्या सरदार मार्केटमध्ये खरेदी करतात आणि परततात. तुम्ही मात्र अर्धा दिवस जास्तीचा ठेवा. शहरालगतच्या बोरानाडा आणि बासनी या औद्योगिक भागांत लाकडी फर्निचरचे कारखाने आहेत. जागोजागी रंग उडालेली, जुनी वाटणारी कपाटं, टेबलं आणि पेटारे इथे नव्यानेच तयार होतात आणि परदेशातही जातात.

निळ्या भिंतींचा धडा

आधी किल्ल्याच्या पायथ्याशी ब्रह्मपुरीत फिरा. निळसर चुन्याने रंगवलेल्या घरांच्या कोपऱ्यांवर, उंबऱ्यांजवळ वरचा थर झिजून आतला रंग डोकावतो. फर्निचरवर हेच मुद्दाम घडवलं जातं.

रंग चढवायचा, मग उतरवायचा

आंबा, शिसम किंवा बाभळीच्या लाकडावर आधी गडद रंगाचा हात देतात. तो सुकला की कडांवर आणि मुठींभोवती मेण चोळतात. मग वर फिकट रंग. तो ओला असतानाच शेजारी दुसरी छटा लावून ओलसर स्पंजने दोन्ही एकमेकींत मिसळतात. सुकल्यावर पॉलिशपेपर फिरवला की मेणावरचा रंग सहज निघतो आणि खालचा दिसू लागतो.

खरं कौशल्य आहे ते कुठे घासायचं हे ओळखण्यात. रोजच्या वापरात खणाची मूठ, दाराची कड आणि पायांचा खालचा भाग झिजतो. फळीचा मधला भाग सहसा झिजत नाही. सगळीकडे सारखेच ओरखडे दिसले तर काम घाईचं आहे, असं समजा.

कसं जाल?

ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस थेट जोधपूरला जाते. कारखान्यात जाण्याआधी फोन करून परवानगी घ्या.

घरातलं जुनं कपाट

असं फर्निचर पाहून घरचं जुनं कपाट घासायचा मोह होईल. पण थांबा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. कोरडं घासल्यावर त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करू शकते. गर्भवतींनाही त्यापासून धोका असतो. म्हणून जुना रंग खरवडू नका. तो पक्का असेल तर ओल्या फडक्याने पुसून वर पारदर्शक वॉर्निशचा हात द्या. पोपडे निघत असतील तर जाणकार रंगाऱ्याला विचारा आणि तोवर मुलांना दूर ठेवा.

आणि ते कपाट भंगारात देण्याआधी एकदा नीट पाहा. जोधपूरचे कारागीर मेहनतीने ज्या खुणा उमटवतात, त्या तुमच्या आजीच्या हातांनी त्यावर कधीच उमटवल्या आहेत.