सीरियस

आमच्या ऑफिसात 'सीरियस' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तरी ऐकू येतो. बग सीरियस असतो, क्लायंट सीरियस असतो, कुणीतरी कुणाच्या बाबतीत एकदम सीरियस असतं. रजा नामंजूर झाली की "सीरियसली??". लंचला कुणी जरा गप्प बसला की "काय रे, एवढा सीरियस का?" महत्त्वाचं, खरंखुरं, मनापासूनचं, गंभीर... इंग्रजीतले झाडून सगळे अर्थ आम्ही पचवलेत.

गुहागरला मात्र अर्थ एकच. माणूस सीरियस आहे म्हणजे तो खाटेवर आहे आणि बाकीच्यांनी निघायचं आहे. नुसता गंभीर चेहरा दिसला तर तिथे "तोंड का पाडलंयस?" असं विचारतात.

मला वाटतं, हा अर्थ तारेने घरोघरी पोचवला. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. त्यामुळे 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली', बस, चार शब्द. गिरणगावातल्या खोलीत ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नसे त्यालाही हे चार कळत. आणि पाठवणाऱ्याने 'सीरियस' लिहिलं तरी वाचणारा बरेचदा पुढचं समजूनच एस्टीत बसे. तारसेवा १४ जुलै २०१३ ला बंद झाली, शब्द तेवढा फोनवर आला.

गंमत म्हणजे अमेरिकेत हॉस्पिटलं पेशंटची अवस्था बाहेर सांगताना गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल अशा पायऱ्या वापरतात. म्हणजे सीरियसच्या पुढे अजून एक पायरी आहे! आमचा न्यू जर्सीचा भाऊ म्हणूनच फोनवर विचारतो, "सीरियस की क्रिटिकल?" त्याला काय सांगणार? आपल्या सीरियसमध्ये क्रिटिकल येतं आणि त्याच्या पलीकडचंही येतं.

आत्याच्या वेळी दादाचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, फोन संध्याकाळी आला. "आई जरा सीरियस आहे. जमेल तसं निघ. सावकाश ये." आम्ही पुण्याहून कराड, पाटण करत निघालो. पाटणला चहा घेतला. बायकोने एकदा विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हटलं, "सीरियस आहे म्हणाला." पुढे कुंभार्ली घाटभर कुणी बोललं नाही. चिपळूण मागे पडलं तरी माझ्या डोक्यात आत्या जिवंतच होती, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं याचा हिशोब चालू होता. अंगणात शिरलो तर पायरीपाशी चपलाच चपला.

ती दुपारीच गेली होती. दहाव्यापर्यंत थांबलो, तेव्हा दादाला विचारलं. तो म्हणाला, "अरे, रात्रीचा घाट होता. गाडी तुलाच चालवायची होती ना?"

हे खोटं नव्हे. 'वारली' म्हटलं असतं तर पुढे बोलण्यासारखं काही उरलं नसतं आणि 'बरी आहे' म्हटलं असतं तर मी शनिवारी निघालो असतो. मधल्या जागेत बसणारा मराठी शब्द मी शोधून पाहिला. 'अत्यवस्थ' पेपरात शोभतो, पण फोनवर अजून कुणी "आई अत्यवस्थ आहे" म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आता पंचाईत व्हॉट्सॲपची आहे. माणूस जाऊन अर्धा तास होत नाही तोच फॅमिली ग्रुपवर हार घातलेला फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गाडी चालवणाऱ्याचा मोबाईल डॅशबोर्डवर टिंगटिंग वाजत असतो. मागच्या वर्षी काका गेले तेव्हा दादाने आधी गावातल्या चार पोरांना फोन केले. मुंबईची मंडळी घरी पोचेपर्यंत ग्रुपवर कुणी काही टाकायचं नाही, म्हणाला. मग मुंबईला फोन लावला आणि सांगितलं, काका सीरियस आहेत.