कोरा रोल

खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. मी माझे तीन कॅमेरे पाटावर मांडतो. त्यांतला एकही आता काम करीत नाही, ही गोष्ट वेगळी. हळदकुंकू कॅमेऱ्याच्या अंगाला लावायचं, भिंगाला नाही, एवढा एकच माझा नियम. १९७९ साली माझा पहिला कॅमेरा घरात आला, तेव्हा आईनं मोठ्या भक्तीनं कुंकवाचं बोट नेमकं भिंगावर टेकवलं होतं आणि ते पुसण्यात माझा अख्खा दसरा गेला होता.

यंदा पूजा आटोपून मी पानं वाढली जाण्याची वाट पाहत बसलो होतो, तोच धाकट्या बहिणीचा मुलगा आला. त्याला पुण्याला बरी नोकरी आहे. होती, म्हणायला हवं. कारण, "मामा, नोकरी सोडली. फोटोग्राफीचा धंदा करणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही," असं त्यानं एका दमात सांगून टाकलं आणि पाटावरचा एक कॅमेरा उचलून डोळ्याला लावला.

मी मनात म्हटलं, आता बोलणी मलाच खावी लागणार. हा नाद त्याला मीच लावला असं बहिणीचं ठाम मत आहे. मी एवढंच केलं होतं की, तो सहा-सात वर्षांचा असताना त्याला सुट्टीत माझ्या अंधारखोलीत स्टुलावर बसू दिलं होतं. लाल दिव्याखाली, ताटलीतल्या द्रावणात बुडवलेल्या पांढऱ्या कागदावर एखादा चेहरा हळूहळू उमटू लागे. "मामा, हा कोण?" तो विचारी. चेहरा पुरता वर येईपर्यंत ते पुष्कळदा मलाही ठाऊक नसे. ती खोली आता अडगळीची झाली आहे. पण तिथलं ते औत्सुक्य या पोराच्या अंगात राहून गेलं असलं, तर त्याला मी काय करणार?

त्यानं मोबाइलवर मला आपलं दरपत्रक दाखवलं. लग्नाचे पंधरा हजार. का, तर गावातले बाकीचे वीस घेतात म्हणून. मी पंचांगाचं मागचं पान उघडून त्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडला. दोन कॅमेरे आणि भिंगं मिळून पाच लाख. कॅमेरे दोन हवेतच. एक मंडपात मुका झाला, तर मुहूर्त त्याच्यासाठी थांबत नाही. यंत्रं पाच वर्षं टिकली असं धरू, म्हणजे वर्षाला लाखभर रुपये झिजले. नवख्याला वर्षात वीस लग्नं मिळाली तरी देव पावला. मग एका लग्नामागं पाच हजारांचा नुसता कॅमेराच झिजला. अल्बमचे साडेसहा हजार, मदतनिसाचे दोन हजार, पेट्रोलचे पाचशे. झाले चौदा हजार. राहिला एक हजार. तो लग्नाच्या एका दिवसाचा आणि नंतर संगणकापुढं बसून फोटो निवडायच्या, रंग सुधारायच्या पाच दिवसांचा.

"भांगलायला जाणारी बाई याहून जास्त घेते," मी म्हटलं, "आणि तिचं खुरपं पाच लाखांचं नसतं."

तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा फायदा घेऊन मी आणखी दोन-चार गोष्टी सांगून घेतल्या. दर आधी आपल्या खर्चावरून ठरवावा आणि मग शेजाऱ्याच्या दुकानाकडे पाहावं. निम्मे पैसे तारीख धरतानाच घ्यावेत, उरलेले अल्बम हातात देण्यापूर्वी. कारण अल्बम हातात पडला की यजमानाला फोटोग्राफर दिसेनासा होतो. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, किती फोटो, हे सारं कागदावर असावं. आणि नातेवाइकांना एक तर पुरा दर सांगावा, नाही तर आहेर समजून पुरतं फुकट करावं. "काय ते समजून द्या" म्हटलं की पैसे जातात आणि नातंही जातं. हे शेवटचं मी जेवणघरातल्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं.

आमचा धंदा पंचांगावर चालतो, हे नोकरीतून आलेल्या माणसाला पटकन कळत नाही. त्याला दर महिन्याच्या एक तारखेची सवय असते. आषाढी ते कार्तिकी लग्नं जवळजवळ नाहीतच. पौषही कोरडाच जातो. हल्ली पंचांगवाले गौणकाळातले मुहूर्त देतात, पण त्यांच्या भरवशावर कर्जाचे हप्ते बांधून घेऊ नयेत. माझ्या वेळी चातुर्मास निघे तो शाळा-कॉलेजांच्या ओळखपत्रांवर. जूनमध्ये माझ्या दुकानापुढं पोरांची रांग लागे आणि एकच कंगवा शंभर डोक्यांवरून फिरे. ते काम आता फोननं खाल्लं. मी भाच्याला म्हटलं, आमच्या कऱ्हाडच्या आसपास गूळ करणारे आहेत, पापड-मसाले विकणाऱ्या बाया आहेत, रोपवाटिका आहेत. माल नामी असतो. पण त्याचा फोटो असा काढलेला असतो, की गूळ आहे का वीट हे कळू नये. पावसाळ्यात तिकडं जा. गुळाला मुहूर्त लागत नाही.

यावर तो म्हणाला, "मामा, पण माझं काम पाहिलं की लोक आपणहून येतील." या वयात असंच वाटतं. मी त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. फाळक्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे ते १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळं. पण त्याआधी ते आमच्याच जातकुळीतले. बडोद्याच्या कलाभवनात शिकून १८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगनं तिथं पत्नी आणि मूल हिरावून नेलं. बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा दुकान थाटलं, तर गावात बोलवा उठली की, कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो. गिऱ्हाईक फिरकेना. पुढं ज्यानं साऱ्या देशाला पडद्यावरची चित्रं दाखवली, त्या माणसाला खुर्चीत बसायला एक गिऱ्हाईक मिळेना! कसबात काय कमी होतं? लोकांचा त्या पेटीवर विश्वास नव्हता, एवढंच.

शक्ती शोषली जाण्याची भीती आता कुणाला वाटत नाही. आपला फोटो कुठं जाईल याची मात्र वाटते, आणि ती काही खोटी भीती नव्हे. मी एका नववधूचा फोटो कौतुकानं दुकानाच्या काचेत लावला होता. आठवड्याच्या आत तिचे काका काठी आपटीत आले. मला वाटायचं, फोटो मी काढला, निगेटिव्ह माझी, मग हक्कही माझा. पुढं एका वकील मित्रानं १९५७ चा कॉपीराइट कायदा माझ्यापुढं उघडून सतरावं कलम दाखवलं. पैसे देऊन कुणी आपला फोटो काढवून घेतला आणि उलट करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा! नवे फोटोग्राफर आज रात्री फोटो काढतात आणि उद्या सकाळी जगाला दाखवतात. त्याच करारनाम्यात संमतीची एक ओळ घालून घ्यावी. घरच्यांनी नको म्हटलं, तर नको.

कॅमेऱ्याची कला मला त्याला शिकवायची नव्हती. ती त्याला माझ्याहून चांगली येते. मी विचारलं ते एवढंच, "अंतरपाट केव्हा खाली येतो?" त्याला सांगता येईना. शेवटच्या मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीला भटजींचा आवाज चढतो, त्या वेळी बोट बटणावर हवं. पुढच्या क्षणी अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा पाऊस पडतो, मांडवातले सगळे हात वर उठतात आणि खालून फोटो काढणाऱ्याला नुसते कोपर मिळतात. म्हणून नवरीच्या मामाच्या खांद्याशी, थोडं उंचावर उभं राहावं. भटजींशी आदल्या दिवशीच सख्य करावं. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात हे नसतं.

मग जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता मी मेजाचा खण उघडला आणि त्यातला एक जुना रोल त्याच्यापुढं ठेवला. गेली कित्येक वर्षं मी तो कुणाला दाखवला नव्हता.

१९८६ चा वैशाख. ज्यांनी मला शाळेत शिकवलं, त्या मास्तरांच्या मुलीचं लग्न. रंगीत रोल तेव्हा महाग. छत्तीस फोटोंचा तो रोल मी घाईघाईनं भरला. माझ्या पेंटॅक्स के-१००० मध्ये आकडे मोजणारी चकती रोल पुढं सरकला नाही तरी आपली पुढं जात राही. रोल खरोखर सरकतो आहे का, हे डाव्या बाजूच्या किल्लीवरून कळे. दर फोटोला ती थोडी फिरली पाहिजे. हे मला ठाऊक होतं. पाहायला सवड झाली नाही. गौरीहरापाशी बसलेली मुलगी, तिला हाताला धरून आणणारा मामा, अंतरपाट, माळा, आणि अक्षता टाकायला दोघींच्या आधारानं पुढं आलेली तिची आजी, असं सगळं मी टिपलं. छत्तीस झाले. कधी कधी सदतीस-अडतीस निघतात, म्हणून खूश झालो. चाळिसाव्याला कळ तशीच लोण्यातून फिरल्यासारखी फिरली आणि माझे हात गार पडले. कोठीच्या खोलीत जाऊन झाकण उघडलं. रोलची जीभ चक्रीत अडकलीच नव्हती.

नवा रोल भरला, किल्ली फिरते ना हे तीनदा पाहिलं आणि सप्तपदीला जाऊन उभा राहिलो. पुढचं सगळं सुरेख आलं. विहिणींच्या पंगतीचे इतके फोटो मी आयुष्यात कधी काढले नव्हते.

मास्तरांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवळाच्या वाटेवर ते भेटले, "झाले का रे फोटो?" म्हणाले, मी लॅबवर ढकललं. लॅब बिचारी! आठ दिवस मी दुकानाचं एकच दार उघडत होतो. नवव्या दिवशी घेतलेले सगळे पैसे पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो आणि काय ते सांगितलं.

मास्तर रागावले नाहीत. पाकीट त्यांनी माझ्याकडेच सरकवलं. "अरे, परवापर्यंत ती इथंच होती, मांडवपरतणीला," ते म्हणाले. "आजीही होती. तू त्याच दिवशी बोलला असतास, तर अंगणात उभं केलं असतं दोघींना. शालू काय, पेटीतच होता." मुलगी नवऱ्याबरोबर जमशेदपूरला गेली होती. आजी त्याच श्रावणात वारल्या. लग्नातल्या त्या दोघींचा एकत्र फोटो त्या घरात नाही.

रोल न सरकणं कुणाच्याही हातून होतं. ते मी स्वतःला केव्हाच माफ केलं. त्या आठ दिवसांचं तसं झालेलं नाही.

भाच्यानं रोल हातात घेऊन फिरवून पाहिला. "आता असं होत नाही मामा," तो हळूच म्हणाला, "आता लगेच दिसतं." मी म्हटलं, दिसलेलंही जातं. एकदम दोन कार्डांवर उतरवणारा कॅमेरा घे. घरी आल्यावर तीन प्रती कर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आईच्या कपाटात ठेव. अल्बम पोचेपर्यंत कार्ड पुसू नकोस. आणि इतकं करूनही गेलंच, तर बूट न काढता त्यांच्या घरी जा.

आईला त्यानं दसऱ्याला सोनं देतानाच सांगून टाकलं. मला फोन आला तो मी बायकोला घ्यायला लावला. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच लग्न त्याला मिळालं आहे, सव्वीस हजारांवर, करारनाम्यासकट. काल तो पुन्हा आला होता. मदतनीस हवा म्हणे; मंगलाष्टकं कळणारा. मी पंचांगाचं मागचं पान काढून त्याला त्याच्याच हिशेबातले दोन हजार दाखवले आणि निम्मे आगाऊ मागितले.