कागदावरचा ‘एफ’

रुग्ण घरी गेला की त्याची फाइल माझ्या टेबलावर येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराच्या नावापुढे मी त्याचा कोड लिहिते. एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात २१ वर्षं मी हेच करते आहे. ही यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण आमच्याकडे अजून दहावीच चालते. टायफॉइडचा कोड ए ०१ पासून सुरू होतो, ब्लडप्रेशरचा आय १०. या अक्षरांची कुणाला लाज वाटत नाही. ‘एफ’ दिसला की मात्र घरात कुजबुज सुरू होते, कारण तो मनाच्या आजारांच्या प्रकरणाचा आहे.

गेल्या वर्षी माझी नणंद असे दोन कागद घेऊन आली. मुलगा आठवीत. बापाच्या पंक्चरच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी करतो, पण धडा वाचायला दिला की दुसऱ्या ओळीवर अडतो. ‘भ’चा ‘म’ होतो, जोडाक्षर गळतं. पहिल्या कागदावर होतं एफ ७९, दुसऱ्यावर एफ ८१.०.

“भाभी, खरं सांगा, यात तो वेडा आहे असं लिहिलंय का?”

वेडा असं दोन्हींत नव्हतं. पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. एफ ७० ते ७९ हा गट बुद्धी एकूणच कमी असल्याचा. त्यातही ७९ म्हणजे किती कमी ते ठरवलेलं नाही. आमच्या कामात शेवटचा नऊ बहुतेक वेळा हेच सांगतो की नेमकं काही लिहिलेलं नाही. तो कागद एका ठिकाणी पाच मिनिटांत, बुद्ध्यांकाची चाचणी न करता मिळाला होता. एफ ८१.० म्हणजे फक्त वाचनाची अडचण. शासनाने नेमलेल्या रुग्णालयात तीन-चार खेपा घालून, डोळे, कान, बुद्ध्यांक, वाचन असं सगळं तपासून तो मिळाला. तिथल्या बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली, ती मला फार आवडली: घरात कोणती भाषा बोलता? आपल्या कितीतरी घरांत दखनी बोलतात आणि मूल मराठी शाळेत जातं. भाषा परकी म्हणून अडणारं मूल आणि अक्षरच न लागणारं मूल, हे वेगळं काढावं लागतं. नाहीतर कोड चुकीच्या मुलाला चिकटतो.

दुसऱ्या कागदाचा उपयोग मोठा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आली आहे, आणि या प्रमाणपत्रावर दहावीच्या परीक्षेला जादा वेळ व लेखनिक मिळू शकतो. पण नणंदेचे जेठ आडवे आले. “आमच्या खानदानात असलं काही नाही. मोठ्या मुलीचा रिश्ता ठरतोय, कागद शाळेत जायचा नाही.” हे बोलताना त्यांच्या गालात तंबाखू होती. तंबाखूचं व्यसन याच प्रकरणात येतं, एफ १७. मोठ्या माणसाला ते तोंडावर कसं सांगणार? नणंदेला तेवढं सांगितलं. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

याच प्रकरणात अंथरूण ओलं करणारं पोर आहे, तोतरं बोलणारा आहे, दादीचा विसराळूपणा फार वाढला तर तोही आहे. बाळंतपणानंतर रडत बसणारी सूनही. तिला कुणी तावीज बांधतं, कुणी नाटक म्हणतं. यातलं एकही नसलेलं घर मला माझ्या मोहल्ल्यात दाखवता येणार नाही.

नणंदेने आणि तिच्या नवऱ्याने मिळून एफ ८१.० चा कागद शाळेत दिला. एफ ७९ चा कुठेच दिला नाही. मुलगा आता नववीत आहे. वाचन अजून हळूच आहे, पण सहामाहीला वेळ जास्त मिळाला आणि इतिहासाचा पेपर त्याने पहिल्यांदा पूर्ण सोडवला.

रिश्त्याची बोलणी चालू आहेत. मुलीकडे भावाबद्दल विचारलं तर काय सांगायचं, ते आईबाप ठरवतील. रुग्णालयातून मात्र ते परस्पर कुणाला कळता कामा नये. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आमच्या टेबलावर ओळखीचं कुणी चौकशीला आलं, तर मी चहा पाजते आणि फाइल बंदच ठेवते.