ओळीचा धनी कोण?

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली व तीत कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असे बजावले. संगणकाच्या खुल्या आज्ञावलींपुढे आज तोच प्रश्न उभा आहे. लिनक्समध्ये ओळ घालणारा, ती देण्याचा आपणांस हक्क आहे, अशी ग्वाही २००४ पासून सहीनिशी देतो. आता कृत्रिम बुद्धीचे यंत्र ओळी लिहिते; त्या कोणाच्या लेखनातून, कोणत्या परवान्याखालून आल्या, हे मात्र सांगत नाही. आमच्या पांढुर्णा-सौसरकडचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून विचारता झाला, ‘‘सर, सही करू का?’’ संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारा, असे आपला स्वामित्वहक्क कायदा १९९४ च्या दुरुस्तीपासून मानतो. मी लिहिले : कर्तेपणाबरोबर उत्तरदायित्वही येते. जिचे कूळ ठाऊक नाही, त्या ओळीखाली आपले नाव घालू नये.