गार इंजिन

बॉनेटला हात लावला तर ते तापलेलं. सकाळी आठला येतो असं सांगितलं होतं, आणि गाडी विकणाऱ्या घरच्यांनी साडेसातलाच ती सुरू करून ठेवली होती. चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि निघताना सांगितलं, उद्या पुन्हा येतो, तोवर चावीला हात लावू नका. नांदगाव तिठ्यावर येईपर्यंत भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मामानू, त्यात इतक्या काय बघूचा?"

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. लोक गाडी बघतात तेव्हा रंग बघतात, आवाज ऐकतात. माझा पोट भरायचा धंदाच नुकसान शोधण्याचा, त्यामुळे लग्नात आलेल्या गाड्यांच्याही मडगार्डच्या फटी मी नजरेनं मोजत असतो. भाचा देवगडचा, आंब्याच्या बागा सांभाळतो. कलमांवर फवारणीचा हिशेब तो पैशापैशापर्यंत घालतो. पण या गाडीच्या बाबतीत त्याचं डोकं चालायचं बंद झालं होतं.

गाडी होती फियाटची अबार्थ पुंटो. पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेली, 2015 च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली. दहा लाखांच्या आत 145 अश्वशक्तीची दुसरी हॅचबॅक तेव्हा देशात नव्हती. 1368 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक. पोर्शेवाले हिला स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाहीत, न म्हणोत. त्यांची गाडी आमच्या वाडीच्या पहिल्या स्पीडब्रेकरलाच पोट टेकून बसेल. मालक नोकरीला मुंबईत, गाडी इथे वडिलांच्या पडवीत. वडील बिचारे आठवड्यातून एकदा चावी फिरवायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. इंजिन गार असलं की ते खोटं बोलत नाही. तापल्यावर तेल पसरतं, फटी भरतात, खडखड दबते. टर्बोच्या गाडीत तर हे पहिलं अर्धं मिनिटच महत्त्वाचं. मी भाच्याला सायलेन्सरमागे उभं केलं. निळसर धूर आला तर तेल जळतंय. पांढरा धूर कोकणातल्या सकाळी थोडा येतोच, पण तो इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट कुठे जातंय ते शोधावं लागतं. इथे दोन्ही नव्हतं. मग काही मिनिटं नुसती चालू ठेवली आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबला. टर्बोचे सील गेलेले असले तर अशा वेळी मागे ढग उठतो. भाच्याच्या शर्टाला काही झालं नाही.

गाडीच्या आत मात्र कुबट वास. माझ्या अंगावर काटा आला, कारण हा वास मी फार घेतला आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर मी तिथे पुरातल्याच गाड्या तपासत होतो. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पाऊण पटीवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. सांगाडा भंगारात विकला जातो. त्यातला प्रत्येक सांगाडा तुटतोच असं समजू नका. काही धुतले जातात, सुकवले जातात आणि दुसऱ्या जिल्ह्यात अत्तर मारून उभे राहतात.

म्हणून मी सीटबेल्ट ओढला, अगदी शेवटपर्यंत, जिथपर्यंत तो कुणी कधी ओढत नाही. धुणारा माणूस तिथे पोहोचत नाही, गाळाची रेघ तिथे राहते. पट्टा स्वच्छ निघाला. सीटचे बोल्ट पाहिले, स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा पाहिला, फ्यूजबॉक्स उघडला. तांब्यावर हिरवट बुरा नव्हता. कार्पेटवर तांबडी माती भरपूर, कार्पेट उचललं तर खाली काही नाही. पायाने आलेली माती वर बसते, पाण्याने आलेली खाली. वास नुसता बुरशीचा होता. काचा बंद करून गाडी पावसाळाभर पडवीत ठेवली की कोकणात चामड्याच्या चपलेलाही येतो तो. पूर नव्हता.

पण पॉलिसीत वेगळीच गोष्ट सापडली. जुनी गाडी घेताना सर्व्हिस बुक सगळे मागतात. मी विम्याचे कागद मागतो आणि त्यात नो क्लेम बोनसचा रकाना बघतो. क्लेम नसेल तर ही सवलत 20, 25, 35, 45 अशी चढत 50 टक्क्यांवर जाते, आणि एक क्लेम झाला की पुन्हा शून्य. या मालकाकडे गाडी पहिल्यापासून होती, तरी सवलत 20 टक्के. म्हणजे क्लेम अलीकडचा. वडिलांना विचारलं. "हा, बंपर थोडो घासललो," ते म्हणाले. बंपर घासला हे खरं होतं. पुढच्या मडगार्डच्या बोल्टांचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. डाव्या हेडलाइटवरची तारीख उजवीपेक्षा नवी. आता प्रश्न एवढाच की मार आत कुठवर गेला. बॉनेटखालचे दोन्ही लांब चासी मेंबर टॉर्च मारून पाहिले. सुरकुती नाही, कंपनीचे वेल्ड जागच्या जागी. हे मेंबर एकदा वाकून सरळ केलेले असले तर मी सख्ख्या भाच्यालाच काय, वैऱ्यालाही गाडी घेऊ देत नाही. वेगात वळणावर ती कुठे जाईल, सांगता येत नाही.

टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे गाडीच्या जन्माचे निघाले. नक्षी भरपूर, पण रबर लाकडासारखं कडक. असले टायर शेतात बांधाला लावावेत.

मग स्कॅनर जोडला. दोष एकही नाही. भाचा खूश. पण स्कॅनर आणखी एक आकडा देतो, जो फारसं कुणी बघत नाही: दोष पुसल्यापासून गाडी किती चालली. तीस किलोमीटरही झाले नव्हते. म्हणजे कुणीतरी नुकताच दिवा विझवला होता, रोग होता तिथेच होता.

तो बाहेर काढायला फोंडा घाटासारखी जागा नाही. आमच्या तिठ्यावरून देवगड-निपाणी रस्ता फोंड्याकडे वळतो आणि पुढे दाजीपूरपर्यंत चढतच जातो. चढावर तिसरा गिअर, कमी वेग, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत. इंजिनाचे फेरे उडी मारतात आणि वेग तसाच राहतो, असं झालं तर क्लच गेला. क्लच धरून होता. गाडी मात्र ओढ घेता घेता मध्येच दम टाकत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पिवळा दिवा लागला. टर्बोचा दाब कमी.

खाली येऊन इंजिनावरचं कव्हर काढलं. आत काजूच्या सालींचा ढीग, आणि दाब नियंत्रित करणारी बोटाएवढी रबरी नळी कुरतडलेली. उंदीर! सुटा भाग स्वस्तातला, पण किंमत ठरवताना मी तो स्वस्त असल्याचं बोललो नाही. भाव करताना सर्व्हेअर थोडा कमी बोलतो.

जास्त पैसे कापून घेतले ते टायमिंग बेल्टचे. बदलल्याची पावती नव्हती, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. शिवाय फियाटच्या गाड्या इथे बनणं थांबलेलं. 2020 मध्ये बीएस-6 आलं तेव्हा त्या बाजारात नव्हत्या. भाग मिळतात, पण वाट बघावी लागते. अबार्थचं विंचवाचं चित्र चिकटवून साधी पुंटो अबार्थ म्हणून खपवणारेही आहेत. तेव्हा आरसीवर पेट्रोल आणि 1368 सीसी लिहिलंय ना, मागच्या चाकात डिस्क आहे ना, एवढं तरी कुणीही बघावं.

चासी नंबर मी स्वतः घासून वाचतो, फोटोवर भागवत नाही. पुण्यात बनलेल्या डीसी अवंतीचं प्रकरण आठवतं ना? भारतीय स्पोर्ट्‌स कार म्हणून तिचं केवढं कौतुक झालं होतं. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्याला अटक केली ती एकाच चासी नंबरवर वेगवेगळ्या राज्यांत गाड्यांची नोंद झाल्याच्या आरोपावरून. आरोपाचं पुढे काय ते न्यायालय बघेल. घेणाऱ्याने मात्र गाडीवरचा, आरसीवरचा आणि परिवहनच्या नोंदीतला नंबर शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवावं. आमचा जुळला. पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. कर्ज कधीच फिटलेलं, फॉर्म 35 भरून बोजा उतरवायचं मुलगा विसरला होता. भाचा तिथल्या तिथे सगळे पैसे द्यायला निघाला. मी हाताला धरून त्याला बयाण्यावर थांबवलं. बँकेचं पत्र आल्यावर उरलेले, आणि त्याच दिवशी 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या. मग ओरोसच्या आरटीओ कार्यालयात नोंद. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला ते कळवायला चौदा दिवसांची मुदत असते.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळलेलं नाही. मालकाने इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवून घेतली होती, पोरं ज्याला रिमॅप म्हणतात ते. माझं मत सरळ आहे: तो काढून टाक. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला की क्लेमच्या फायलीवर काय शेरे पडतात ते मी लिहिलेले आहेत. भाचा म्हणतो, "मामानू, मगे ही गाडी घेतलंय कित्या?" बेल्ट बदलला, टायर बदलले, पडवीत उंदरांचा पिंजराही लावला, पण रिमॅप काढायला तयार नाही. शेवटी तो बदल पॉलिसीत नोंदवून घ्या, असं पत्र मीच विमा कंपनीला लिहिलं. किती जादा हप्ता लागेल, ते त्यांनी अजून कळवलेलं नाही.